खोक्याच्या पोटात काय काय!

नगर-पुणे रस्त्यावरचं सुपा म्हटलं की लोकांना पवनचक्क्या आठवतात, नाहीतर एमआयडीसी. (शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं ते नव्हे; ते बारामती तालुक्यात. हे पारनेर तालुक्यातलं.) जपानी कंपन्यांसाठी राखलेला पट्टाही इथलाच. कागदाच्या गिरण्यांसाठी सुपा ओळखलं जात नाही, पण कागदाचं गिऱ्हाईक म्हणून ते मोठं आहे. इथल्या कारखान्यातून एसी निघो, फ्रिज निघो की गाडीचा सुटा भाग, अंगावर पुठ्ठा चढवल्याशिवाय तो गेटाबाहेर पडत नाही. मात्र त्या पुठ्ठ्याकडे बघतो कोण? माल काढला की खोका माळ्यावर नाहीतर भंगारात. तर आज माल बाजूला ठेवू आणि खोकाच उघडू.

खोक्याचा बाप खोकाच

कागद म्हणजे झाडाचा खून, असं शाळेत घोकलेलं असतं. आपल्याकडच्या तपकिरी पुठ्ठ्याच्या बाबतीत ते फारसं लागू नाही. भारतात तयार होणाऱ्या कागदापैकी ७० टक्क्यांहून अधिक कागद रद्दीपासून बनतो. जुना खोका गिरणीत जातो, त्याचा लगदा होतो, लगद्याचा तपकिरी ‘क्राफ्ट’ कागद आणि कागदाचा पुन्हा खोका. अर्थात हा फेरा कायम चालत नाही. प्रत्येक वेळी तंतू थोडा तुटतो, थोडा ताठरतो. साधारण पाच-सात फेऱ्यांनंतर तो इतका आखूड होतो की पाण्याबरोबर गाळात निघून जातो. म्हणून कुठून तरी ताजा, लांब तंतू मिसळत राहावाच लागतो.

पाच प्लाय मोजून बघा

घरातल्या मोठ्या खोक्याचा एक कोपरा फाडा. तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी कागद दिसले, तर तो पाच प्लाय. दोन सपाट आणि एक नागमोडी असेल तर तीन प्लाय. त्या नागमोडीला धंद्यात ‘फ्लूट’ म्हणतात. खोका उभा राहतो तो या लाटांच्या जोरावर. म्हणूनच लाटा उभ्या राहतील असाच खोका कापतात. आडव्या पडल्या, तर वरच्या खोक्यांच्या वजनाने तळचा खोका बसलाच.

‘बीएफ’ किती?

खोकेवाल्याला कागदाचा भाव विचारा. तो आधी उलट विचारेल, “किती बीएफ? किती जीएसएम?” जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर. कागदाखाली रबरी पडदा फुगवून तो फुटेपर्यंत दाब देतात आणि त्या दाबाला जीएसएमने भागतात. हिशेब तोंडी करता येतो. २० बीएफचा १५० जीएसएम कागद असेल, तर २० गुणिले १५० म्हणजे ३००० ग्रॅम. याचा अर्थ, दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब सोसल्यावर तो फुटेल. हे यंत्र अमेरिकेत जॉन मुलन यांनी १८८७ मध्ये बनवलं. तत्त्व आजही तेच.

आधी टोपीत, मग खोक्यात

नागमोडी कागदाचा जन्म मालाच्या वाहतुकीसाठी झालेला नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी त्याचं पेटंट घेतलं ते साहेबांच्या उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. हवा खेळावी, घाम टिपला जावा, एवढाच हेतू. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तोच कागद काचेच्या बाटल्यांभोवती गुंडाळला. टोप्या गेल्या, लाटा राहिल्या.

चिकटवलंय कशाने? खळीने!

सपाट आणि नागमोडी कागद जोडायला कुठलंही भारी रसायन लागत नाही. लागते ती मक्याच्या स्टार्चची खळ. तिच्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि थोडा टाकणखार. गंमत अशी की खळीतला बराचसा स्टार्च कच्चाच ठेवलेला असतो. तापलेल्या रोलरवर आला की तो क्षणात शिजतो, फुगतो आणि धरून बसतो. आधीच सगळा शिजवला असता, तर खळ इतकी घट्ट झाली असती की यंत्रात सरकलीच नसती. माळ्यावरच्या खोक्यांवर झुरळं का तुटून पडतात, याचंही उत्तर इथेच आहे. त्यांच्यासाठी ते जेवण असतं.

पल्परमधला दोरखंड

रद्दीचे गठ्ठे गिरणीत पहिल्यांदा पडतात ते ‘पल्पर’मध्ये. ही पाण्याने भरलेली प्रचंड टाकी, तळाला फिरणारं पातं. कागद भिजून सुटा होतो. पण रद्दीबरोबर सुतळी, तार, प्लॅस्टिक, चिकटपट्टी असा सगळा संसार आलेला असतो. त्यासाठी टाकीत एक दोर सोडून ठेवतात. पाणी गरगर फिरतं तशी ही घाण त्या दोराला गुंडाळत जाते आणि जाडजूड दोरखंड तयार होतो. तो हळूहळू वर ओढून घेतात आणि तोडतात. याला ‘रॅगर’ म्हणतात. कचऱ्यानेच कचरा काढायची ही युक्ती बघत राहावी अशी आहे. स्टेपलच्या पिना मागाहून जड म्हणून वेगळ्या होतात. त्रास देतो तो चिकटपट्टीचा गोंद. तो लगद्यातून सहज सुटत नाही, कागदावर डाग पाडतो, भोकं पाडतो. गिरणीवाले त्याला ‘स्टिकीज’ म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा कडू होतो.

कागद बनतो पाण्यातून

यंत्राच्या तोंडाशी लगदा जाळीवर सोडतात, तेव्हा त्यात ९९ टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असतं. एक किलो तंतू पसरायला शंभर ते दोनशे लिटर पाणी! एवढं पातळ केलं नाही तर तंतूंच्या गुठळ्या होतात आणि कागद ढगाळ येतो. आता पारनेरसारख्या पाण्याची चणचण माहीत असलेल्या तालुक्यातला माणूस हा आकडा ऐकून दचकेल. पण हे पाणी वाया जात नाही. जाळीखाली गळलेलं पाणी, त्याला ‘व्हाइट वॉटर’ म्हणतात, तेच पुन्हा लगदा पातळ करायला वापरतात. चांगली गिरणी ओळखायची ती याच फेऱ्यावरून. जाळीनंतर दाबाचे रोलर पाणी पिळून काढतात. तरीही उरलेलं पाणी वाफेने तापवलेल्या सिलिंडरांवर उडवावं लागतं. एक किलो कागदामागे साधारण एक लिटर पाण्याची वाफ होते. गिरणीचं कोळशाचं बिल फुगतं ते मुख्यतः या शेवटच्या लिटरापायी.

ताशी शंभरच्या वर

हाताने कागद उचलायचा जमाना संपवला निकोला-लुई रोबेर या फ्रेंच माणसाने. त्याने १७९९ मध्ये अखंड कागदाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनिअर बंधूंनी त्यात पैसा ओतला आणि ते स्वतः दिवाळखोर झाले. यंत्राला नाव मात्र त्यांचंच चिकटलं. आज जगातली वेगवान यंत्रं मिनिटाला १,८०० मीटरच्या पुढे कागद पळवतात. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. मध्येच कागद तुटला की ‘ब्रेक’ झाला म्हणतात आणि सगळे धावतात. तुटलेला कागद पुन्हा पल्परमध्ये जातो.

उभा फाडा, आडवा फाडा

आजचं वर्तमानपत्र घ्या. वरून खाली फाडा, पट्टी सरळ निघेल. आता डावीकडून उजवीकडे फाडा, पट्टी वाकडी जाईल. कारण यंत्र पळताना बहुतेक तंतू पळण्याच्या दिशेने झोपतात. त्या दिशेने फाडलं तर वाट सोपी, आडवं फाडलं तर तंतूंची भिंत आडवी येते. बाइंडर पुस्तक बांधताना हीच दिशा आधी बघतो. ती चुकली तर पुस्तक नीट उघडत नाही, पानं लाटांसारखी होतात.

ए४ चा हिशेब

ए० कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तो चारदा दुमडला की ए४, म्हणजे सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा ए४ कागद ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅमचा, आणि ५०० कागदांची रीम अडीच किलोची. दुकानदाराच्या काट्यावर ठेवून बघा. कमी भरली तर जीएसएम छापलंय तेवढं नाही. ही मापं १९२२ मध्ये जर्मनीत ठरली. त्याआधी आपल्याकडे चालायचा तो दस्ता: २४ ताव म्हणजे एक दस्ता, २० दस्ते म्हणजे एक रीम, एकूण ४८० ताव.

आता हाच काटा नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेऊ. १९४४ मध्ये तिथे कैदेत असताना जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. सुमारे पाच महिन्यांत हजारेक हस्तलिखित पानं. आजच्या ए४ वर एका बाजूने लिहिली असती, तर भरली असती पाच किलो.

प्रयोगशाळेचा पावसाळा-उन्हाळा ठरलेला

कागद तपासायचा तर आधी त्याला ठरावीक हवेत ‘मुरवत’ ठेवतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता. उष्ण देशांना सूट आहे, २७ अंश आणि ६५ टक्के. आपल्याकडे ही दुसरी हवा रूढ. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, तर पहिला संशय खोलीच्या हवेवर घ्यायचा असतो. आणखी एक साधी चाचणी म्हणजे ‘कॉब’. कागदावर १०० चौरस सेंटिमीटरची कडी दाबायची, तिच्यात १०० मिलिलिटर पाणी ओतायचं, ठरलेल्या सेकंदांनी ओतून टाकायचं, कागद टिपायचा आणि वजन करायचं. वजन जितकं वाढलं, तितकं पाणी तो प्यायला. भारतात अशा सगळ्या कामांची मोठी संस्था आहे सहारनपूरला. केंद्रीय लगदा आणि कागद संशोधन संस्था, स्थापना १९८०.

पावसाळ्यात खोका खचतो

कागद हवेतलं पाणी गुपचूप ओढतो. कोरड्या हवेत भक्कम असलेला खोका ९० टक्के आर्द्रतेत निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो. सुप्याच्या कोरड्या माळावर ठणठणीत असलेली थप्पी कोकणातल्या गोदामात जुलैमध्ये वाकते ती यामुळे. म्हणून खोक्याची ताकद ठरवताना विचारायचा प्रश्न हा, की माल पोचणार कुठे आणि कोणत्या महिन्यात?

चिपाडातला कागद

सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात नगर जिल्ह्यातली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा प्रवरानगरचा कारखाना, १९५०. १०० किलो ऊस गाळला की ३० किलोच्या आसपास बगॅस, म्हणजे चिपाड, उरतं. त्यापासून छान कागद होतो. तमिळनाडूतली टीएनपीएल ही सरकारी गिरणी त्यावर उभी राहिली. अडचण एकच. उसाच्या पोटातला मऊ भुसा, ‘पिथ’. तो रसायनं पितो, जाळीवरचं पाणी अडवतो. म्हणून आधी तो झोडपून वेगळा करतात आणि बॉयलरला घालतात. आपल्याकडे चिपाडाचा कागद फारसा का होत नाही? कारण कारखाने स्वतःच बगॅस जाळून वाफ करतात आणि वीजही विकतात. टीएनपीएलने म्हणून सौदा केला: तुमच्या बॉयलरला कोळसा आम्ही देतो, बगॅस आम्हाला द्या.

बांबू: कायद्याने होता झाड, निसर्गाने गवत

बल्लारपूरची प्रसिद्ध गिरणी १९४५ ची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर ती वाढली. शास्त्र सांगतं, बांबू हे गवत. पण १९२७ च्या वन कायद्यात तो ‘झाड’ होता. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवानगी लागायची. २०१७ मध्ये ही व्याख्या बदलली आणि जंगलाबाहेरचा बांबू मोकळा झाला. जंगलातल्या बांबूची लढाई वेगळी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने ‘हा बांबू गिरणीचा नाही, आमचा’ म्हणत ती लढवली आणि २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं.

गिरणीच्या वासाचा चुलतभाऊ तुमच्या स्वयंपाकघरात

लाकूड-बांबू शिजवणाऱ्या गिरणीचा वास दूरवर येतो. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये लाकूड शिजवलं की ‘मरकॅप्टन’ वायू सुटतात. अब्जात काही भाग असले तरी नाकाला कळतात. गॅस सिलिंडर गळतोय हे कळावं म्हणून त्यात मुद्दाम घालतात ते इथाइल मरकॅप्टनच. रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरणीत हा स्वयंपाक नसतो, त्यामुळे हा वासही नसतो. शिजवून उरलेलं काळं पाणीही फेकून देत नाहीत. ते आटवून जाळतात. त्यातून वाफ मिळते आणि बहुतेक रसायनं परत मिळतात. गवत आणि पेंढ्याच्या गिरण्यांची इथे पंचाईत होते. त्यांच्यातली वाळू, म्हणजे सिलिका, भांड्यांना आतून धरते.

पुण्यातले विकर

लगदा पांढरा करायला सर्रास क्लोरीन वापरत आणि त्याचं सांडपाणी घातक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी त्यावर सूक्ष्मजीवांकडून उत्तर मागितलं. ‘झायलनेज’ हे विकर लगद्यातला झायलन कापतं, रंगाची पकड सैल होते आणि क्लोरीन कमी लागतो. खरी कसोटी अशी की त्यात ‘सेल्युलेज’ अजिबात नको. ते असलं तर रंगाबरोबर कागदच फस्त! आणि गिरणीतला लगदा गरम आणि क्षारयुक्त, म्हणून अशा हवेत तगणारे जिवाणू शोधणं हे मोठं काम होतं.

कागदीपुऱ्यातला घोटीव कागद

गिरण्यांच्या आधी आपल्याकडे कागद होताच. जुन्नरचा जुन्नरी, दौलताबादचा दौलताबादी. खुलताबादजवळ कागजीपुरा हे गावच कागदाचं. पेशवाईत पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा वसला. जुने दोर, गोणपाट, रद्दी कुटून लगदा करायचा, गवताच्या चटईवर उचलायचा, खळ लावायची आणि अकीकाने घोटायचा. पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांत बांधलेली कागदपत्रं अजून वाचता येतात ती या कागदामुळे. उलट, तुमच्या लहानपणीची पुस्तकं पिवळी पडून तुटतात. त्यांत स्वस्त लाकडी लगद्यातलं लिग्निन असतं आणि शाई फुटू नये म्हणून घातलेल्या तुरटी-राळेचं आम्ल. पुण्यात यंत्राचा कागद आला तो मुंढव्याला, १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन पेपर मिलमुळे.

राज्यघटनेचा पुणेरी कागद

गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ पासून वर्ध्यात हातकागदाला हात घातला. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशींनी १९४० मध्ये हातकागद संस्था उभी केली. तिथल्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. राज्यघटनेच्या हस्तलिखित हिंदी प्रतीचा कागद पुण्यातला, हातकागदाच्या संशोधन केंद्रात बनलेला. अक्षर वसंत कृष्ण वैद्य यांचं.

नोट कागदाची नाही, कापसाची

खिशात राहून गेलेली नोट धुलाईतून जिवंत बाहेर येते, कारण ती कापसाच्या तंतूंची. नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. देशी नोटांचा कागद तयार होतो मध्य प्रदेशात नर्मदापुरमला, १९६८ पासून, आणि अलीकडे म्हैसूरलाही.

कागदी कप पुरता कागदी नसतो

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली आणि टपरीवर कागदी कपांचा सुकाळ झाला. पण चहा कपातून झिरपत नाही, कारण आत पॉलिथीनचा पातळ थर असतो. साध्या पल्परला तो थर सोलता येत नाही. म्हणून रद्दीवाला कागदी कपाकडे ढुंकून बघत नाही. त्याचा दोष नाही.

आता तुमचं काम

‘कागद वाचवा’ म्हणून भागत नाही. निम्मं काम तो रद्दीत कसा जातो यावर आहे. तेल लागलेला वडापावचा कागद, कागदी कप आणि मेणकागदी वेष्टनं पुठ्ठ्यात मिसळू नका. खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढा, खोका चपटा करा आणि मुख्य म्हणजे पावसात ठेवू नका. भिजलेला, कुजलेला पुठ्ठा भाव तर घालवतोच, तंतूही घालवतो. कोरडा, स्वच्छ खोका भंगारवाल्याच्या हातात द्या. पुढचं काम गिरणीला चोख येतं.